नक्षी आणि साखळी : लॉकर्बी निकालपत्राचे एक वाचन

१

पस्तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवत होतो. दरोड्याच्या एका गुन्ह्यात ओळख परेड घ्यायची होती आणि ‘प्रतिष्ठित नागरिक’ म्हणून पंचांत माझे नाव कोणीतरी घातले. कारागृहाच्या आवारात सात माणसे ओळीने उभी केली होती. साक्षीदार म्हणजे एक वयस्कर दुकानदार. तो ओळीसमोरून दोनदा गेला, एकापाशी थांबला आणि म्हणाला, “असाच होता. ह्याच्यासारखाच.” दंडाधिकाऱ्यांनी विचारले, “म्हणजे हाच ना?” तो म्हणाला, “हाच वाटतोय, साहेब.” थोड्या वेळाने कागद माझ्यापुढे आला. त्यात लिहिले होते : ‘साक्षीदाराने सदर इसमास खांद्यास स्पर्श करून खात्रीपूर्वक ओळखले.’

मी भाषेचा शिक्षक. ‘सारखा’, ‘वाटतो’ आणि ‘खात्रीपूर्वक’ या तीन शब्दांतले अंतर वर्गात फळ्यावर लिहून दाखवणारा माणूस. तरीही मी सही केली. उन्हाची वेळ होती, सगळ्यांना घरी जायचे होते, आणि पोलिसांनी पकडलाय म्हणजे काहीतरी असेलच, असेही मनात होते. पुढे त्या खटल्याचे काय झाले, हे मी कधी विचारले नाही.

ही आठवण इतकी वर्षे दबून होती. ती वर आली २०२५ च्या जानेवारीत. लॉकर्बी विमानस्फोटावरची एक ब्रिटिश मालिका तेव्हा गाजत होती. त्या स्फोटात मुलगी गमावलेल्या डॉ. जिम स्वायर यांची भूमिका कॉलिन फर्थ या अभिनेत्याने केली होती. आपल्या मुलीच्या खुनाबद्दल ज्याला शिक्षा झाली तो माणूस निर्दोष आहे, असे हा बाप वर्षानुवर्षे सांगत राहिला. मालिका पाहून माणूस हळहळतो आणि झोपी जातो. मला मात्र मूळ निकालपत्र वाचावेसे वाटले. ते ८२ पानांचे आहे, ९० परिच्छेदांचे आहे, आणि कोणालाही वाचता येते. त्यानंतर पुनर्विचार आयोगाचे म्हणणे आणि २०२१ चा अपिलाचा निकालही वाचला. मी वकील नाही. त्यामुळे या लेखात निकालपत्राकडे मी गद्य म्हणून पाहिले आहे : त्यातली वाक्ये कशी उभी राहतात, कोणते वाक्य कशावर टेकते, आणि ‘शक्यता’ हा शब्द कुठल्या पानावर येऊन ‘निश्चिती’ होतो, एवढेच.

२

आधी घटना. २१ डिसेंबर १९८८ रोजी संध्याकाळी सातच्या सुमारास पॅन अॅम कंपनीचे १०३ क्रमांकाचे उड्डाण लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून न्यूयॉर्ककडे जात असताना स्कॉटलंडमधल्या लॉकर्बी या छोट्या गावावर सुमारे ३१ हजार फुटांवर फुटले. विमानातले २५९ आणि गावातले ११ असे २७० लोक मेले. मृतांत १९० अमेरिकी नागरिक होते. सिरॅक्यूस विद्यापीठाचे ३५ विद्यार्थी नाताळसाठी घरी चालले होते. अवशेष मैलोन्‌मैल पसरले होते. तपासाची सुरुवात केली ती ब्रिटनमधल्या सर्वांत लहान पोलीस दलाने.

सुरुवातीचा संशय लिबियावर नव्हता. त्याच वर्षी ३ जुलैला अमेरिकेच्या ‘व्हिन्सेन्स’ या युद्धनौकेने इराणचे प्रवासी विमान पाडले होते आणि त्यात २९० माणसे मेली होती. इराणने सूड म्हणून अहमद जिब्रील यांच्या पॅलेस्टिनी गटाकडून हे काम करवून घेतले, असा तपासाचा पहिला रोख होता. त्याला आधारही होता. ऑक्टोबर १९८८ मध्ये जर्मन पोलिसांनी या गटाच्या लोकांना पकडले तेव्हा तोशिबा कंपनीच्या रेडिओ-कॅसेट प्लेअरमध्ये बसवलेला बॉम्ब त्यांना सापडला होता. लॉकर्बीचा बॉम्बही तोशिबाच्याच रेडिओत होता, फक्त मॉडेल वेगळे.

पुढे तपासाची दिशा बदलली. नोव्हेंबर १९९१ मध्ये दोन लिबियन नागरिकांवर आरोप ठेवले गेले : अब्देलबासेत अल-मेग्राही आणि लामीन खलिफा फिमा. संयुक्त राष्ट्रांनी लिबियावर निर्बंध घातले. नेल्सन मंडेला यांच्यासारख्यांच्या मध्यस्थीनंतर, आणि एडिंबरा विद्यापीठाचे प्राध्यापक रॉबर्ट ब्लॅक यांनी सुचवलेल्या तोडग्याच्या धर्तीवर, एप्रिल १९९९ मध्ये दोघे स्वाधीन झाले. खटला चालला नेदरलँड्समधल्या कॅम्प झाइस्ट या जुन्या लष्करी तळावर. कायदा स्कॉटलंडचा, न्यायाधीश स्कॉटलंडचे, पण ज्युरी नाही. लॉर्ड सदरलँड, लॉर्ड कूल्सफील्ड आणि लॉर्ड मॅक्लीन या तिघांनी ३ मे २००० पासून साक्षी ऐकल्या आणि ३१ जानेवारी २००१ रोजी निकाल दिला. मेग्राही दोषी, फिमा निर्दोष.

ज्युरी नव्हती, हे वाचकाच्या दृष्टीने महत्त्वाचे. ज्युरी कारणे देत नाही. ती ‘दोषी’ म्हणते आणि घरी जाते. इथे न्यायाधीशांना कारणे लिहावी लागली. म्हणूनच हे निकालपत्र आहे, आणि म्हणूनच त्याची समीक्षा करता येते. शंका घेणाऱ्यांच्या हातातले मुख्य हत्यार न्यायाधीशांनी स्वतःच, प्रामाणिकपणे, लिहून ठेवले आहे.

३

सरकार पक्षाची कथा थोडक्यात अशी. माल्टाच्या लुका विमानतळावरून एक तपकिरी सॅमसोनाइट बॅग, सोबत प्रवासी नसताना, एअर माल्टाच्या विमानात चढली. ती फ्रँकफर्टला उतरली, तिथून लंडनला गेली आणि हीथ्रोवर पॅन अॅम १०३ मध्ये आली. बॅगेत रेडिओ, रेडिओत सेमटेक्स, सोबत एक टायमर. रेडिओभोवती गुंडाळलेले कपडे माल्टातल्या स्लीमा गावच्या ‘मेरीज हाउस’ या दुकानातून घेतलेले. घेणारा मेग्राही. या कथेचे तीन टेकू आहेत : दुकान, बॅग आणि टायमर. एकेक पाहू.

दुकान. दुकानदार टोनी गाऊची याने पोलिसांना १९८९ मध्ये पहिले वर्णन दिले ते असे : उंची सहा फूट किंवा जास्त, वय पन्नासच्या आसपास. मेग्राही तेव्हा ३६ वर्षांचा होता, उंची पाच फूट आठ इंच. फेब्रुवारी १९९१ मध्ये छायाचित्रांतून त्याने मेग्राहीचा फोटो काढला, पण तो माणूस दहा-पंधरा वर्षांनी मोठा दिसायला हवा, अशी पुस्ती जोडून. पूर्वी केव्हातरी त्याने अबू तालेब या दुसऱ्याच संशयिताच्या फोटोतही साम्य पाहिले होते. एप्रिल १९९९ मध्ये, खरेदीला दहा वर्षे उलटल्यावर, ओळख परेड झाली. तेव्हाही त्याचे म्हणणे साधारण असे होते : दुकानात आलेला तो अगदी हाच असे नाही, पण थोडासा त्याच्यासारखा दिसणारा तो पाचव्या क्रमांकाचा.

हे वाचताना मला माझा दुकानदार दिसला. ‘असाच होता, ह्याच्यासारखाच.’ फरक एवढाच की झाइस्टच्या न्यायाधीशांनी कागदावर ‘खात्रीपूर्वक’ लिहिले नाही. ओळख निःसंदिग्ध नाही, हे त्यांनी मान्य केले. मान्य करून ती पुराव्यात घेतली. आमच्या पंचनाम्यापेक्षा हे कितीतरी सचोटीचे आहे. पण मग प्रश्न आणखी कठीण होतो : जी गोष्ट निःसंदिग्ध नाही असे आपण म्हणतो, तिच्यावर किती वजन टाकायचे?

खरेदीच्या तारखेचाही प्रश्न होता. गाऊचीला दिवस आठवत नव्हता. इतर खुणांवरून दोनच तारखा संभवत होत्या : २३ नोव्हेंबर किंवा ७ डिसेंबर. मेग्राही ७ डिसेंबरला माल्टात होता. २३ नोव्हेंबरला तो तिथे असल्याचा पुरावा नाही. गाऊची म्हणत होता की गिऱ्हाईक निघाले तेव्हा पावसाची भुरभुर होती, म्हणून त्याने छत्रीही घेतली. हवामान खात्याच्या साक्षीप्रमाणे २३ नोव्हेंबरच्या संध्याकाळी हलका पाऊस होता, तर ७ डिसेंबरला स्लीमात पाऊस पडला नसण्याचीच शक्यता फार मोठी. तरीही न्यायाधीशांनी ७ डिसेंबर ही तारीख स्वीकारली. दुकानाच्या रस्त्यावरच्या नाताळच्या दिव्यांबद्दल गाऊचीने वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे सांगितले होते, त्याचा त्यांनी ७ डिसेंबरच्या बाजूने अर्थ लावला.

बॅग. फ्रँकफर्ट विमानतळावर सामानाची वाटणी संगणकावर होई. त्या दिवशीच्या नोंदी पुढे पुसल्या गेल्या. एका कर्मचारी बाईंनी आठवण म्हणून ठेवलेला एक छापील कागद तेवढा वाचला. त्या कागदावरून एअर माल्टाच्या विमानातले एक नग पॅन अॅमच्या लंडनच्या विमानाकडे गेल्याचे अनुमान निघाले. माल्टात मात्र कागदपत्रे चोख होती. त्या उड्डाणाच्या ५५ बॅगा मोजून, जुळवून घेतलेल्या होत्या. सोबत माणूस नसलेली एकही बॅग त्यात नव्हती. बॅग लुकाला विमानात कशी चढवली, याचे स्पष्टीकरण सरकार पक्षाला देता आले नाही. ही सरकार पक्षापुढची मोठी अडचण आहे, असे न्यायाधीशच लिहितात.

याउलट हीथ्रोवर सामान लादणाऱ्या एका कामगाराची साक्ष होती. फ्रँकफर्टचे विमान उतरण्याच्या आधीच, तो चहाला जाऊन परत आला तेव्हा, ज्या कंटेनरमध्ये पुढे स्फोट झाला त्यात दोन कडक बॅगा आडव्या ठेवलेल्या त्याला दिसल्या होत्या. एक तपकिरी-तांबूस सॅमसोनाइटसारखी. जागाही स्फोटाच्या जागेच्या जवळची. हे खरे धरले तर माल्टा, फ्रँकफर्ट, दुकान हे सगळेच डळमळते. या साक्षीला न्यायाधीशांनी दिलेले उत्तर असे : फ्रँकफर्टचे सामान भरताना ती बॅग कंटेनरच्या दुसऱ्या एखाद्या कोपऱ्यात सरकवली गेली असू शकेल. असू शकेल! सरकवल्याची साक्ष कोणी दिलेली नव्हती. निकालपत्रातले हे वाक्य मी पुन्हापुन्हा वाचले. इथे आरोपीच्या बाजूची शंका सरकारच्या बाजूच्या शक्यतेने मिटवली आहे. फौजदारी न्यायात हा हिशेब उलटा असतो असे आपण ऐकत आलो आहोत.

आणि निकालानंतर आणखी एक गोष्ट पुढे आली. त्या स्फोटाच्या आदल्या रात्री हीथ्रोच्या तिसऱ्या टर्मिनलमध्ये सामानाच्या विभागाकडे जाणाऱ्या दाराचे कुलूप तुटलेले एका सुरक्षारक्षकाला दिसले होते. ही साक्ष खटल्यात आलीच नव्हती. २००२ च्या अपिलात ती ऐकली गेली, पण त्यामुळे निकाल बदलत नाही असे ठरले.

टायमर. अवशेषांत सापडलेला, नखाएवढा एक तुकडा ज्यूरिकच्या ‘मेबो’ कंपनीच्या एमएसटी-१३ टायमरच्या सर्किट बोर्डाचा ठरला. असे २० टायमर लिबियाला विकलेले होते; काही पूर्व जर्मनीच्या गुप्तचर खात्यालाही दिलेले होते. मेबोच्या मालकाशी मेग्राहीचे व्यावसायिक संबंध होते. वर्षांनंतर बचाव पक्षाच्या बाजूने असे पुढे आले की त्या तुकड्यावरचा मुलामा शुद्ध कथिलाचा आहे, तर मेबोचे बोर्ड कथिल-शिशाच्या मिश्रधातूने मढवलेले असत. हा मुद्दा मूळ न्यायालयापुढे कधी आलाच नाही.

४

तर मग दोषी ठरवले कसे? शेवटाकडच्या ८९ व्या परिच्छेदात न्यायाधीश आधी एक इशारा स्वतःलाच देतात. पुराव्याच्या परस्परविरोधी ढिगातून जुळणारे तेवढे तुकडे उचलायचे आणि न जुळणारे बाजूला ठेवायचे, असे केले तर जी मुळात नाही अशी आकृती दिसू लागते, हा धोका आपल्याला ठाऊक आहे, असे ते म्हणतात. मग कपडे, बॅगेचा प्रवास, निःसंदिग्ध नसलेली ओळख, खोट्या नावाने केलेला प्रवास आणि टायमरवाल्यांशी संबंध ही सगळी मिळून एक खरी, पटणारी आकृती होते आणि वाजवी शंकेला जागा उरत नाही, असा निष्कर्ष काढतात.

समीक्षक म्हणून मला हा परिच्छेद या निकालपत्राचा गाभा वाटतो. कारण त्यात वापरलेली प्रतिमा नक्षीची आहे. रांगोळीचे ठिपके जसे जोडत जावेत तशी. नक्षीचा गुण असा की एखादा ठिपका राहिला तरी डोळा तो भरून काढतो. पण एखाद्या माणसाचे उरलेले आयुष्य ज्या पुराव्यावर जाणार, त्या पुराव्याची प्रतिमा आपल्याकडच्या कायद्याने साखळीची सांगितली आहे.

शरद बिरदीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा १९८४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आपल्याकडच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. परिस्थितिजन्य पुराव्यावर शिक्षा द्यायची तर पाच कसोट्या पाळाव्यात, असे तिथे सांगितले आणि त्यांना ‘पंचशील’ म्हटले. प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध झालेली हवी; ‘असू शकेल’ आणि ‘असलेच पाहिजे’ यांत अंतर आहे, हे त्यात बजावले आहे. सिद्ध झालेल्या गोष्टी आरोपीच्या दोषाशीच सुसंगत असाव्यात. त्या निर्णायक स्वरूपाच्या असाव्यात. दुसऱ्या प्रत्येक शक्यतेला त्या बाद करणाऱ्या असाव्यात. आणि साखळी अशी पूर्ण असावी की निर्दोषत्वाला वाजवी आधार उरू नये.

हा आपला कायदा स्कॉटलंडला लागू नाही, हे उघड आहे. पण विचार म्हणून तो कोणालाही लावून पाहता येतो. पहिली कसोटीच घ्या. तारीख पूर्णपणे सिद्ध आहे का? नाही. ओळख? नाही. लुकाला बॅग चढवणे? त्याचा तर पुरावाच नाही. चौथी कसोटी घ्या : हीथ्रोची शक्यता बाद झाली का? ती एका ‘असू शकेल’ने बाजूला सारली गेली.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे हे दुवे एकमेकांना टेकून उभे आहेत. ७ डिसेंबर का? इतर खुणा धूसर असताना, मेग्राही त्या दिवशी तिथे होता ही गोष्ट त्या तारखेला वजन देते. मेग्राहीच कपडे घेणारा का? कारण ७ डिसेंबरला तो तिथे होता. बॅग माल्टातूनच आली का? कारण कपडे माल्टाचे आणि मेग्राही २१ डिसेंबरच्या सकाळी लुका विमानतळावर होता. आणि त्याचे तिथे असणे संशयास्पद का? कारण बॅग तिथून आली. मातीच्या दोन भिंती एकमेकींना टेकवून उभ्या केल्या तर त्या उभ्या राहतात खऱ्या. पण त्यांतली एक तरी आपल्या पायावर उभी आहे का, हे कोणीतरी विचारायला हवे.

त्यात फिमाच्या सुटकेने एक खिंडार पडले. तो लुका विमानतळावर लिबियन विमान कंपनीचा प्रमुख राहिलेला होता. बॅग आत नेण्याची सरकार पक्षाची वाट त्याच्यामार्फत जात होती. त्याच्याविरुद्धचा मुख्य साक्षीदार जियाका अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेचा खबऱ्या निघाला आणि त्याच्यावर न्यायालयाने जवळजवळ कुठेच विश्वास ठेवला नाही. फिमा सुटला. म्हणजे दोघांनी मिळून केलेल्या कटातला, वाट माहीत असलेला माणूस गेला. वाट मात्र निकालपत्रात तशीच राहिली. संयुक्त राष्ट्रांनी नेमलेले निरीक्षक, ऑस्ट्रियाचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक हान्स क्योक्लर यांनी नेमक्या याच विसंगतीवर बोट ठेवले होते. त्या काळी स्कॉटलंडच्या कायद्यात ‘सिद्ध झाले नाही’ असा तिसरा निर्णयही उपलब्ध होता. तो घेतला गेला नाही.

५

आता दुसरी बाजू. ती मांडली नाही तर मीही जुळणारे तुकडे तेवढे उचलले असे होईल.

मेग्राही साधा प्रवासी नव्हता. तो लिबियाच्या गुप्तचर संघटनेचा अधिकारी होता असे न्यायालयाने धरले. २० डिसेंबरला तो ‘अब्दुसमद’ या खोट्या नावाच्या पासपोर्टवर माल्टात आला, एक रात्र राहिला आणि स्फोटाच्या दिवशी सकाळी त्रिपोलीला परतला. या पासपोर्टबद्दल तो मुलाखतीत खोटे बोलला. खटल्यात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तो उभा राहिला नाही. तसा त्याला अधिकार होता, पण ‘त्या दिवशी तू तिथे का होतास?’ या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाला मिळाले नाही, हेही खरे. लिबियाने २००३ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांच्या कृत्यांची जबाबदारी स्वीकारणारे पत्र दिले आणि २७० कुटुंबांना प्रत्येकी एक कोटी डॉलरपर्यंत भरपाई कबूल केली. निर्बंध उठवण्यासाठी दिलेली ही किंमत होती की कबुली, यावर दोन मते आहेत. अमेरिकेतल्या बहुतेक मृतांच्या नातेवाइकांना मेग्राहीच्या दोषाबद्दल शंका नाही. त्यांचे दुःख डॉ. स्वायर यांच्या दुःखापेक्षा कमी प्रतीचे नाही.

डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेने अबू अगिला मसूद या तिसऱ्या लिबियन माणसावर बॉम्ब बनवल्याचा आरोप ठेवला. २०२२ च्या डिसेंबरमध्ये तो अमेरिकेच्या ताब्यात आला. २०१२ मध्ये लिबियाच्या कोठडीत त्याने कबुली दिली आणि तीत मेग्राही व फिमा यांची नावे घेतली, असे आरोपकर्ते म्हणतात. त्याने न्यायालयात गुन्हा नाकारला आहे. यादवीत सापडलेल्या देशातल्या कोठडीतली कबुली किती मोलाची, हे त्या खटल्याने ठरवावे. आणि ती खरी ठरली तर? तर मेग्राही दोषी असू शकेल. तरीही २००१ चा निकाल त्या दिवशी समोर असलेल्या पुराव्यावर बरोबर होता, असे त्यातून सिद्ध होणार नाही. उत्तर बरोबर येऊनही गणित चुकलेले असू शकते, हे शाळेत गणिताच्या मास्तरांनी आपल्याला पुरेसे शिकवले आहे.

निकालावर शंका घेणारे केवळ कटाच्या कथा रचणारे नव्हते, हेही नोंदवायला हवे. स्कॉटलंडचा फौजदारी प्रकरणे पुनर्विचार आयोग ही अधिकृत संस्था. तिने तीन वर्षांहून अधिक काळ तपास करून जून २००७ मध्ये ८०० हून अधिक पानांचा अहवाल दिला. पुरावे बनावट असल्याचे आरोप आयोगाने फेटाळले. पण सहा मुद्द्यांवर अन्याय झाला असण्याची शक्यता मान्य केली. खरेदी ७ डिसेंबरला झाली या निष्कर्षाला वाजवी आधार नाही, असे त्यात म्हटले. नाताळचे दिवे ६ डिसेंबरला लागले होते आणि खरेदी त्याआधीची असावी, असा पुरावा आयोगाला मिळाला. ओळख परेडच्या चार दिवस आधी गाऊचीने मेग्राहीचे छायाचित्र, स्फोटाच्या बातमीसह, एका मासिकात पाहिले होते. हे बचाव पक्षाला कळवलेले नव्हते. बक्षिसाच्या रकमेत त्याला रस असल्याच्या पोलिसी नोंदीही दडलेल्या होत्या. पहिले अपील फेटाळल्यानंतर अमेरिकेकडून त्याला २० लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाल्याचे पुढे आयोगाच्या अहवालातून उघड झाले.

दुसरे अपील सुरू झाले, पण मेग्राहीला प्रोस्टेटचा कर्करोग झाला होता. ऑगस्ट २००९ मध्ये त्याने अपील मागे घेतले. दोन दिवसांनी, २० ऑगस्टला, स्कॉटलंडचे न्यायमंत्री केनी मॅकॅस्किल यांनी त्याला दयेपोटी सोडले. २० मे २०१२ रोजी तो त्रिपोलीत वारला. याच मॅकॅस्किल यांनी २०१६ मध्ये पुस्तक लिहिले. त्यात ते म्हणतात की कपडे माल्टात घेतले गेले खरे, पण घेणारा मेग्राही नव्हता. मात्र कटात तो सामील होता. म्हणजे ज्या खांबावर निकालाचा मुख्य भार होता तो खांब काढून घेतला तरी छप्पर जागेवरच राहते, असे न्यायमंत्री राहिलेला माणूस सांगतो.

२०२० मध्ये आयोगाने पुन्हा प्रकरण पाठवले, या वेळी दोन मुद्द्यांवर : मूळ निर्णय वाजवी नव्हता आणि माहिती दडवली गेली. १५ जानेवारी २०२१ रोजी लॉर्ड कार्लोवे यांच्या अध्यक्षतेखाली पाच न्यायाधीशांनी अपील फेटाळले. सगळा पुरावा एकत्र पाहता कोणतीही समंजस ज्युरी या निष्कर्षाला येऊ शकली असती, असे त्यांचे म्हणणे. परिस्थितिजन्य पुरावा सुटासुटा तोलायचा नसतो, एकत्रच तोलायचा असतो, हे त्यांचे तत्त्व चुकीचे नाही. दहा काड्यांची मोळी एका काडीपेक्षा मजबूत असते. पण त्यासाठी प्रत्येक काडी निदान काडी तरी असावी लागते.

६

हे सगळे वाचताना एक आपले विमान सतत डोळ्यांसमोर होते. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’, उड्डाण १८२, माँट्रियलहून लंडनमार्गे दिल्लीला येताना आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रावर फुटले. ३२९ माणसे गेली. तिथेही बॅगच होती. व्हँकूवरला एका प्रवाशाच्या नावाने ती चढली आणि तो प्रवासी विमानात बसलाच नाही. लॉकर्बीच्या साडेतीन वर्षे आधी हा धडा जगाला मिळाला होता. तरी फ्रँकफर्टला पॅन अॅमचे लोक दुसऱ्या विमानांतून येणाऱ्या बॅगा प्रवाशांशी जुळवून पाहत नसत, क्ष-किरणांवर भागवत.

पण मला आठवला तो कनिष्कचा निकाल. १६ मार्च २००५ रोजी व्हँकूवरमध्ये न्यायमूर्ती इयान जोसेफसन यांनी दोन्ही आरोपींना, रिपुदमनसिंग मलिक आणि अजायबसिंग बागरी यांना, निर्दोष सोडले. तिथेही न्यायाधीश ज्युरीविना बसले होते. तिथेही साक्षीदार होते, पैशाचे प्रश्न होते, गुप्तचर खात्याने पुसून टाकलेल्या ध्वनिफिती होत्या. न्यायमूर्तींना मुख्य साक्षी विश्वासार्ह वाटल्या नाहीत. या कृत्याची भीषणता आपण जाणतो, पण आवश्यक तेवढा पुरावा नसताना शिक्षा देणे हा न्याय होणार नाही, असा त्यांचा आशय होता. न्यायालयाबाहेर नातेवाईक रडत होते. बॉम्बच्या साहित्याबद्दल इंद्रजितसिंग रेयात या एकालाच शिक्षा झाली. बाकी कोणालाही नाही.

मी तेव्हा या निकालावर चिडलो होतो, हे कबूल करतो. ३२९ माणसे आणि एवढेच? ज्या घरांतून माणसे गेली, त्यांना ‘पुरावा पुरेसा नव्हता’ हे वाक्य सांगायचे कसे? आज दोन निकालपत्रे शेजारी ठेवून पाहताना वाटते की दोन्ही न्यायालयांपुढे तोच मोह होता. एवढे मोठे दुःख समोर बसलेले असताना कोणाला तरी दोषी ठरवण्याचा. एका न्यायाधीशाने तो झेलला आणि दुःखाला उत्तर न देता परत पाठवले. तिघांनी इशारा स्वतःच लिहिला आणि मग ती आकृती पाहिली. पहिल्या निकालाने नातेवाइकांना काहीच दिले नाही. दुसऱ्याने एक नाव दिले. ते नाव बरोबर नसेल, तर बरोबर नाव शोधण्याची घाई मात्र संपली.

चुकीच्या शिक्षेबद्दल बोलताना आपण एका माणसावर झालेला अन्याय मोजतो. लॉकर्बीत मोजायचे माप मोठे आहे. मेग्राही निर्दोष असेल, तर त्याच्या जोडीने २७० माणसांची घरेही फसवली गेली, कारण ज्यांनी हे केले ते कोणीतरी दुसरे आहेत. डॉ. स्वायर यांचा आग्रह मला आता असा समजतो. तो क्षमाशील बापाचा आग्रह नव्हता. आपल्या मुलीला खरोखर कोणी मारले, हे ऐकण्याचा हक्क सोडायला तयार नसलेल्या बापाचा होता.

मेग्राही दोषी होता की नाही, हे मी सांगू शकत नाही, आणि हा लेख त्यासाठी लिहिलेला नाही. ८२ पाने वाचून मी एवढेच म्हणू शकतो की त्या पानांत त्याचा दोष सिद्ध झालेला मला दिसला नाही. दिसली ती तीन अनुभवी, अभ्यासू माणसे. शंका एकेक करून मांडणारी, आणि शेवटच्या पानावर त्या सगळ्या एकत्र करून खाली ठेवून देणारी.

हे त्यांच्याविषयी लिहिताना मला मोठेपणा घेता येत नाही. त्यांनी निदान ‘निःसंदिग्ध नाही’ असे लिहिले. मी ‘खात्रीपूर्वक’खाली सही केली. त्या दिवशी मी दंडाधिकाऱ्यांना फक्त एवढे म्हणू शकलो असतो : “साहेब, ते ‘सारखा वाटतो’ म्हणाले. तसेच लिहा.” एका शब्दाचा प्रश्न होता. शब्दांचेच काम करणारा माणूस तिथे पंच म्हणून उभा होता, आणि त्याला घरी जायची घाई होती.